जास्तीच्या दोन छत्र्या

"शकूताई, एक विनंती आहे. आज पाहुण्यांवर घंटा मारू नका," बापू खेडेकर माझ्या खुर्चीशी वाकून म्हणाले.

मी घंटा पदराने पुसत होते. "मग कुणावर मारू? तुमच्यावर?"

"तसं नव्हे हो. पण माटेगावकर म्हणजे केवढं नाव. पुण्याहून सात तास गाडीत बसून आलेत. त्यांचं जरा पुढंमागं झालं तर काय बिघडतं?"

"पाहुण्याला दहा मिनिटं, गावच्यालाही दहा. पत्रिकेवर तुम्हीच छापलंय बापू. ते खोडा, मी घंटा घेऊन घरी जाते."

बापू आमच्या देवखिंडच्या वाचनालयाचे अध्यक्ष. माणूस सोन्यासारखा, पण मोठं नाव समोर आलं की त्यांचं लोणी होतं. ते कपाळ पुसत व्यासपीठाकडे गेले. मी मनगटावरचं घड्याळ सोडून टेबलावर उभं केलं.

ही दोन हजार सहा सालातली गोष्ट. मी अठ्ठावन्नची होते, नुकतीच टेलिफोन खात्यातून सुटलेली. आज पंचाहत्तरी ओलांडली आहे, गुडघे गेलेत, पण त्या संध्याकाळचं मिनिट न् मिनिट माझ्याजवळ शाबूत आहे.

दर डिसेंबरात आमच्या वाचनालयात लेखकांचं वाचन व्हायचं. चार गावचे, तीन बाहेरचे. ज्याने त्याने आपलं लिहिलेलं वाचायचं, दहा मिनिटांत उरकायचं, आणि दहा झाली की घंटा. पूर्वी ही घंटा एका निवृत्त मास्तरांकडे होती. मास्तर भिडस्त. एका वर्षी रत्नागिरीचे एक कवी पन्नास मिनिटं उभे राहिले आणि शेवटी वाचणाऱ्या आमच्या गावच्या बालवाडीताईंसमोर उरला तो मांडववाला, तोही खुर्च्या गोळा करत. त्या बाईने पुढे लिहिणंच सोडलं. मग मंडळी माझ्याकडे आली.

माझ्याकडेच का, तर मी ट्रंक-बोर्डावर एकवीस वर्षं काढलेली. आताच्या पोरांना काय सांगायचं? तेव्हा मुंबईला बोलायचं तर आधी एक्स्चेंजला नंबर लावायचा, तासन् तास वाट बघायची, आणि मग आमच्यासारखी एखादी बाई दोन टोकं जोडून द्यायची. साधा कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं भरली की मी मध्ये बोलायचे, "तीन मिनिटं झाली," आणि जोडलेली कॉर्ड ओढून कॉल तोडायचे. सावकार असो, मामलेदार असो, पोरीचं लग्न ठरवणारा बाप असो. सगळा तालुका मला चेहऱ्याने नाही, त्या तीन शब्दांनी ओळखायचा. माझी एक सेकंदाची चूक कुणी दाखवावी, असं मी छातीठोकपणे म्हणायचे. म्हणायचे कशाला, अजूनही म्हणते. माझा घात झाला तो चुकीने नाहीच.

तर वाचन सुरू झालं. पहिला आमच्या एसटी डेपोतला मेकॅनिक, त्याने सहा मिनिटांत तीन कविता वाचल्या आणि पळाला. दुसरे माटेगावकर. आवाज भरदार, शाल खांद्यावर, पहिली चार मिनिटं तर नुसती आमच्या निसर्गाची स्तुती. दहावं मिनिट भरलं तेव्हा त्यांच्या कथेतली नायिका नुकती गच्चीवर पोचली होती. मी घंटा वाजवली.

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाई, नायिका गच्चीवर उभी आहे."

"उभी राहू दे. कठडा आहे ना?" मी म्हटलं.

सभागृह हसलं. माटेगावकरही हसले, पण पुढचं पान उलटायला लागले. मी पुन्हा वाजवली, जरा लांब. मग मात्र ते शाल सावरत खाली आले. बापूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाचनालयाच्या पायाचा दगडच काढून घेतलाय. चहाच्या वेळी माटेगावकर स्वतः माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाई, माझ्या प्रकाशकाने तुम्हाला ठेवून घेतलं पाहिजे." मोठा माणूस खराच मोठा होता, उगाच कशाला खोटं बोलू.

पुढची चार वाचनं सरळ रेषेत झाली. शेवटचं नाव पत्रिकेत नव्हतं. कोल्हापूरचे एक लेखक तापाने पडले म्हणून ऐन वेळी मुंबईच्या एक बाई आल्या होत्या, हेमांगी जाधव. शाळेत शिकवायच्या, एक कथासंग्रह नावावर. पन्नाशीच्या, केस अर्धे पांढरे, साधी सुती साडी. दुपारी आल्या आल्या त्यांनी मला विचारलं होतं, "स्टँड जुन्याच जागी आहे ना? मला आठची मुंबई गाडी गाठायचीय."

"तिथेच आहे. तुम्ही पूर्वी आलात वाटतं?"

"आले होते," त्या म्हणाल्या आणि चहाच्या कपाकडे वळल्या.

बापूंनी त्यांची ओळख करून देताना 'मुंबईच्या पाहुण्या' म्हटलं. माइकसमोर येऊन त्या म्हणाल्या, "पाहुणी म्हणा, चालेल. मी वाचणार आहे त्याचं नाव 'पीपी'. कथा नाही म्हणता येणार, कारण यात मी काहीच रचलेलं नाही."

पीपी म्हणजे काय, ते सभागृहात माझ्याइतकं कुणालाच ठाऊक नसेल. ज्याच्याकडे फोन नाही, त्याला शेजारच्या फोनवर बोलावून घ्यायचं आणि तो माणूस आला की मगच कॉल जोडायचा. मी खुशीत सरसावून बसले. म्हटलं, चला, आपल्या धंद्यातलं काहीतरी निघालं.

त्या वाचू लागल्या. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी त्यातल्या मुलीचे वडील शिंपी होते. आई लहानपणीच गेली. वडिलांना अक्षर येत नव्हतं. कागदाच्या पट्टीला कात्रीने खाचा पाडून ते गिऱ्हाइकाचं माप लक्षात ठेवायचे, आणि एवढं करूनही कुणाची बाही कधी आखूड झाली नाही. तिला मात्र त्यांनी मुंबईला मावशीकडे ठेवून शिकवली. तिथे तिने जातीबाहेर लग्न केलं. ते कळलं तेव्हा वडिलांनी निरोप पाठवला, 'तू मला मेलीस.'

मी घड्याळाकडे पाहिलं. चार मिनिटं झाली होती.

"'चौदा महिने गेले,'" हेमांगीबाई वाचत होत्या, "'श्रावण लागला. गणपतीला घरी जायचं माझ्या मनाने घेतलं. बाबांना पत्र लिहिलं असतं तर ते दुसऱ्या कुणीतरी वाचून दाखवलं असतं, आणि माझं पत्र परक्याच्या तोंडून ऐकणं त्यांना आवडलं नसतं. म्हणून मी गिरगावातल्या पोस्टातून पीपी कॉल लावला. आमच्या घरासमोर खातूंचं किराणा दुकान होतं, तिथे फोन होता. पोस्टातला माणूस म्हणाला, पार्टी आली, बोला.'"

खातूंचं किराणा दुकान. आमच्या गावात ते शिंपीआळीच्या तोंडाशी होतं, आणि समोर विश्राम नाचणकर बसायचे, पायमशीन घेऊन. घंटेवरचा माझा हात तिथेच राहिला.

"'मी बोलत सुटले. बाबा, मी बरी आहे. बाबा, ते चांगले आहेत हो. बाबा, तुमचा खोकला कसाय. पलीकडून फक्त श्वास ऐकू येत होता. शेवटी मी म्हटलं, बाबा, गणपतीला आम्ही दोघं येऊ का? एवढंच सांगा. श्वास येत राहिला. आणि मग मध्येच एक बाई बोलली. तीन मिनिटं झाली.'"

घड्याळात दहा मिनिटं भरली होती. बापू, ज्यांनी सगळी संध्याकाळ घंटा मारू नका म्हणून माझ्या विनवण्या केल्या, तेच आता पहिल्या रांगेतून मान वळवून मला मनगट दाखवत होते, कारण त्या बाईंना आठची गाडी होती. माझा हात उचलेना.

हेमांगीबाईंनीच वाचायचं थांबवलं. दुपारी त्यांनी घंटेचा नियम ऐकला होता. माझ्याकडे पाहून त्या नम्रपणे म्हणाल्या, "बाई, दहा झाली असतील ना? थांबू का?"

एकवीस वर्षं बोर्डावर आणि सहा वर्षं त्या टेबलावर, असं मला कुणी विचारलं नव्हतं. "वाचा तुम्ही," मी म्हटलं.

त्यांनी उरलेलं पान वाचलं. कॉल कापल्यावर तिने ठरवलं, की बाबांनी उत्तर दिलं. न बोलणं हेच उत्तर. ती गणपतीला गेली नाही. पुढच्या वैशाखात बाबा गेले ते तिला दिवसकार्य उरकल्यावर कळलं. शेवटचं वाक्य होतं, "'तीस वर्षं झाली. मी त्या तीन मिनिटांत बाबांचा एक शब्द शोधतेय. नव्हताच तो.'"

टाळ्या उशिरा सुरू झाल्या आणि बराच वेळ चालल्या. माटेगावकर उभे राहिले होते. मी मात्र खुर्चीतच बसून होते. माझ्या मनात एकच होतं. शब्द होता, आणि तो ऐकणारं जगात दुसरं कुणी नव्हतं.

आता आमच्या नोकरीतलं हे एक समजून घ्या. बोर्डावर बसण्याआधी आम्ही गुप्ततेची शपथ सही करून द्यायचो. कानावर पडलं ते बोर्डावरच सोडायचं. गावातली किती भांडणं, किती लफडी, कुणाची दिवाळखोरी, सगळं माझ्या कानांवरून गेलं, पण मी नवऱ्यापाशीसुद्धा कधी तोंड उघडलं नाही. त्याचा मला केवढा अभिमान. तो अभिमान आणि ती बाई, दोन्ही माझ्यासमोर उभं होतं, आणि आठच्या गाडीला वीस मिनिटं राहिली होती.

मी उठले आणि त्यांची पिशवी खांद्याला लावली. "चला, मी सोडते तुम्हाला स्टँडवर."

"अहो, तुम्ही कशाला? मला रस्ता ठाऊक आहे."

"ठाऊक आहे मला तुम्हाला ठाऊक आहे ते. चला."

वाटेत मी पिशवी घेऊन झपझप पुढेच चालत राहिले. त्यांना वाटलं असेल, मी घंटेबद्दल रागावले आहे. "तुमचा नियम मोडायला लावला मी," त्या म्हणाल्या. मी नुसती मान हलवली. स्टँडवर गाडी लागलेली होती, ड्रायव्हर चहा पीत होता. बाकड्यावर पिशवी ठेवली आणि म्हटलं, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं.

"हेमांगीबाई, ती तीन मिनिटंवाली बाई मी."

त्यांना आधी कळलंच नाही. मग कळलं. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, पहिल्यांदाच पाहावं तसं. "असेल," त्या हळू म्हणाल्या. "कुणीतरी असणारच ना तिथे. तुमचं काम होतं ते. माझा राग नाही."

"थांबा, एवढ्यात रागाचं ठरवू नका. तुमचे बाबा बोलले होते."

त्यांनी पिशवीकडे नेलेला हात मागे घेतला.

"आमच्याकडे दोन कॉर्ड असायच्या. एक मुंबईकडची, एक गावातली. एक अर्जंट कॉल खोळंबला होता, म्हणून मी तीन मिनिटांच्या ठोक्याला मुंबईकडची ओढली. गावातली राहिली होती. माझा हेडफोन कानाला होता. तुमच्या बाबांना फोनची सवय नव्हती. कानाला लावलाय म्हणजे पलीकडे ऐकू जातंय, असंच त्यांना वाटलं. मी कॉर्ड ओढली आणि ते बोलले."

"काय?"

मी तीस वर्षं ते वाक्य मनातसुद्धा मोठ्याने म्हटलं नव्हतं. "म्हणाले, ये गो. दोघंही या. पावसाचे दिवस आहेत, मी छत्र्या घेऊन स्टँडवर येतो. एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला."

बाईंनी बाकड्याची पाठ धरली. मग त्यांनी विचारलं ते मला वाटलं होतं त्यापेक्षा वेगळंच होतं.

"आले होते ते? स्टँडवर?"

"आले होते. मी तेव्हा त्या समोरच्या माडीवर राहायचे. गणपतीच्या आदल्या दिवसापासून गौरी जाईपर्यंत, सात संध्याकाळी. सहाची मुंबई गाडी यायच्या आधी येऊन उभे राहायचे. धुतलेला सदरा, काळी टोपी. एक छत्री डोक्यावर आणि दोन काखेत. गाडी रिकामी होईपर्यंत एकेक माणूस बघायचे आणि परत जायचे."

"सात दिवस."

"सात."

"आणि तुम्ही बघत होतात."

"बघत होते."

"एकदाही खाली उतरून सांगितलं नाहीत, की नाचणकर, तुमच्या मुलीला तुमचं बोलणं ऐकू गेलं नाही?"

"नाही. शपथ होती. आणि शपथेपेक्षाही, कॉर्ड ओढल्यावर ऐकत होते हे कबूल करावं लागलं असतं. माझ्या कामात खोट आहे असं मला कुणी म्हणायला नको होतं. दुसऱ्या दिवशी पायऱ्या उतरून अर्ध्यात आले होते. परत वर गेले. तो अर्जंट कॉल कसला होता ते सांगू? वाण्याला नारळाचा भाव हवा होता."

माझ्या गालावरून पाणी ओघळत होतं, ते मी पुसलं नाही. हेमांगीबाई मात्र रडत नव्हत्या. त्यांचा आवाज उलट थंड झाला होता. "त्यांना वाटलं मी नाही म्हटलं. मला वाटलं त्यांनी नाही म्हटलं. आणि ते तसेच गेले."

"हो."

"मी तुम्हाला माफ-बिफ करणार नाही. सांगून ठेवते."

"मागायलाही आले नाही मी. तुमचं तुम्हाला द्यायला आले. फार उशिरा आणलंय, तेही कळतंय."

ड्रायव्हरने कप ठेवला आणि तो गाडीत चढला. कंडक्टर दारात उभा राहून हाका मारू लागला, "चला, मुंबई, मुंबई. आठची मुंबई." मी पिशवी उचलून त्यांच्या हातात द्यायला गेले. त्यांनी ती घेतली नाही.

"कुठे उभे राहायचे?" त्यांनी विचारलं.

मी बोट दाखवलं. पाण्याच्या टाकीजवळ एक लोखंडी खांब होता, त्याच्यावर वेळापत्रकाचा पत्रा. रंग नवा दिलेला होता, खांब तोच. त्या चालत तिथे गेल्या आणि खांबाला पाठ लावून उभ्या राहिल्या, तोंड फाटकाकडे करून, जिकडून मुंबईची गाडी आत येते. डोक्यावर आभाळ स्वच्छ होतं. त्यांनी पदर डोक्यावर घेतला आणि मग त्या रडल्या, उभ्याउभ्याच, तोंड न झाकता.

कंडक्टरने दोरी ओढून घंटी दिली. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं.

"अहो मावशी, त्या बाईंना बोलवा," तो मला म्हणाला. "टाइम झाला."

आयुष्यभर हे वाक्य मी लोकांना ऐकवत आले होते. मी त्यांची पिशवी छातीशी धरली, चालत गाडीच्या पुढे गेले आणि दोन दिव्यांच्या मधोमध उभी राहिले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मी हलले नाही.

कंडक्टर खाली उतरून आला. "मावशी, काय चाललंय हे? गाडी वेळेवर सोडायची असते. किती थांबायचं?"

"त्यांचं होईपर्यंत," मी म्हटलं.

घड्याळ वाचनालयातल्या टेबलावरच राहिलं होतं.